९४ चा आकडा

"नेट यायला अजून आठवडा आहे. मग आत्ता येऊन तुम्ही करणार काय?"

पुनावळ्याच्या ताईंचा फोनवरचा हा प्रश्न रास्तच होता. फायबर वरपर्यंत ओढायला जे एनओसी लागतं ते बिल्डरच्या ऑफिसात अडकलं होतं. त्यांची नवी नोकरी घरूनच सुरू व्हायची होती, टेबल-खुर्ची लागली होती, राउटर खोक्यातच होता. कनेक्शन चालू झालं की या, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, त्याआधीच येतो.

घरातलं वायफाय बसवायचं काम मी पुण्यात बरीच वर्षं करतोय. जमेल तिथे मी कनेक्शन चालू व्हायच्या आधी जातो. नेट आलं की घरातला प्रत्येक दोष कंपनीच्या नावावर जातो आणि कंपनीचा प्रत्येक दोष घराच्या. दोघं एकमेकांकडे बोट दाखवत राहतात आणि मधे गिऱ्हाईक. नेट नसताना जे बिघडलेलं सापडतं ते मात्र नक्की घरातलंच असतं. राउटरला त्याचं घरातलं काम करायला बाहेरचं जग लागत नाही. वीज दिली की तो घरातल्या उपकरणांना पत्ते वाटतो आणि त्यांची आपापसांत गाठ घालून देतो. प्रिंटर छापतो, लॅपटॉपमधले फोटो टीव्हीवर दिसतात, सगळं नेटशिवाय.

फ्लॅट चौदाव्या मजल्यावर, टू बीएचके. मायवानचं बांधकाम, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच ओतलेले. हिंजवडी-पुनावळे-रावेत पट्ट्यातले बरेच नवे टॉवर असेच आहेत. विटेच्या भिंतीतून वायफाय बऱ्यापैकी पार होतं, सळयांच्या काँक्रीटमधून होत नाही. शिवाय अशा भिंतीला झिरी मारायची सोय नाही, ओतताना जे पाइप गेले तेवढेच. बिल्डरच्या माहितीपत्रकात 'प्रत्येक खोलीत इंटरनेट पॉइंट' छापलं होतं आणि पॉइंट खरंच होते. सगळ्या केबल मुख्य दारामागच्या एका पत्र्याच्या पेटीत येत होत्या. राउटर त्या पेटीत ठेवा आणि झाकण लावा, असं बिल्डरच्या माणसाने सांगितलेलं. पत्र्याच्या डब्यात वायफाय कोंडणाऱ्याशी मी वाद घालत नाही. राउटर बाहेर काढतो आणि टीव्हीच्या युनिटवर ठेवतो.

घरात ताई आणि त्यांचे सासरे होते. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. मी बॅग उघडल्याबरोबर खुर्ची ओढून शेजारी बसले ते संध्याकाळपर्यंत.

राउटर चालू केला तर पहिल्याच पानावर तो इंटरनेट शोधत बसला. चाक फिरतंय, फिरतंय. खाली बारीक अक्षरांत 'स्किप' होतं, ते दाबलं. (काही मेश संच, म्हणजे एकाच वायफायसाठी घरभर ठेवायचे दोन-तीन डबे, मात्र हट्टी असतात, नेट मिळाल्याशिवाय पुढे सरकतच नाहीत. असा संच घ्यायचा असेल तर कनेक्शनची वाट बघावीच लागते.) नाव दिलं, पासवर्ड दिला आणि राउटरचा स्वतःचा पत्ता बदलला. बरेच राउटर आणि कंपन्यांचे डबे १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन येतात आणि एकमेकांना जोडले की भांडतात. म्हणून आपल्या राउटरला मी आधीच १९२.१६८.५०.१ करून ठेवतो. कंपनीचा माणूस येतो तेव्हा घाईत असतो, त्या वेळी हा घोळ नको.

ताईंनी फोन जोडला. फोनने लगेच कळवलं, वायफाय जोडलंय पण इंटरनेट नाही.

"म्हणजे चालत नाहीये ना?"

मी सांगायला तोंड उघडणार तोवर काकाच म्हणाले, "अगं, चालतंय. आम्ही मीटर द्यायच्या आधी वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट मागायचो, तसं आहे हे. मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, सप्लाय यायच्या आधी लावायचा. सप्लाय दिल्यावर लावून काय उपयोग?"

इतकी वर्षं मी हेच लोकांना समजावतोय, इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

आता मोजमाप. नेट नसताना वेग मोजायचा तर नेहमीच्या स्पीड टेस्टचा उपयोग नाही, ती बाहेरच्या सर्व्हरशी बोलते. मी आयपर्फ वापरतो, दोन यंत्रांमधला वेग मोजणारा प्रोग्रॅम. एक लॅपटॉप केबलने राउटरला जोडायचा, दुसरं यंत्र घेऊन घरभर फिरायचं आणि या दोघांमध्ये किती माल वाहतो ते बघायचं. फोनने मोजत असाल तर मोबाइल डेटा आधी बंद करा. नेट मिळत नाही म्हटल्यावर फोन गुपचूप डेटावर सरकतो आणि आयपर्फला घरातला लॅपटॉपच सापडत नाही.

हॉलमध्ये वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर पाचशे एमबीपीएसच्या वर मिळत होते. स्वयंपाकघरातही बरे होते. मागच्या खोलीत, मधे दोन काँक्रीटच्या भिंती पडल्यावर, जेमतेम तीस. २.४ गिगाहर्ट्झ तिथवर पोचत होतं, पण लंगडत. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. आज टॉवर अर्धा रिकामा आहे म्हणून ते मोकळे दिसतात, वर्षभराने तिथे मंडई भरणार. ५ गिगाहर्ट्झला आपल्याकडे २०१८ पासून बरीच जास्त जागा मोकळी झाली आहे, पण भिंतीपुढे त्याचं काही चालत नाही. आणि ताईंचं टेबल नेमकं मागच्या खोलीत. तिथे वेगळा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून वायफाय देणारा डबा, लावणं भाग होतं, भिंतीतल्या केबलवर.

तो जोडण्याआधी त्या केबलचा वेग मोजला. आकडा आला ९४.

हा आकडा माझ्या ओळखीचा आहे. हजारची लिंक, म्हणजे केबलवरची हजार एमबीपीएसची जोडणी, ठीक असेल तर आयपर्फमध्ये ९४० च्या आसपास दिसतं. ९४ दिसलं की समजायचं लिंक शंभरवर उतरली आहे. आणि शंभरवर उतरली की बहुतेक वेळा केबलमधल्या तारांच्या चार जोड्यांपैकी एखादी तरी लागलेली नसते. शंभरला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात. हजारला चारही लागतात. ताईंनी ३०० चा प्लॅन घेतला होता. नेट आल्यावर हे कळलं असतं तर 'पैसे तीनशेचे, मिळतात नव्वद' म्हणून कंपनीशी वाद सुरू झाला असता आणि कंपनीचा त्यात काही दोष नसता.

प्लेटचे स्क्रू काढले. प्लेटवर दोन सॉकेट होती, एक नेटवर्कचं आणि शेजारी टेलिफोनचं छोटं. नेटवर्कच्या सॉकेटला नारिंगी आणि हिरवी जोडी नीट दाबलेली. तपकिरी जोडी केबलच्या आवरणाभोवती गुंडाळून ठेवलेली, जणू उरलेला दोरा. निळी जोडी शेजारच्या टेलिफोनच्या सॉकेटला गेलेली. इलेक्ट्रिशियनने एकाच केबलवर दोन कामं उरकली होती, चार तारांवर नेट आणि दोन तारांवर समांतर इंटरकॉम. वाचलेल्या टेलिफोनच्या वायरचं काय झालं ते त्यालाच ठाऊक.

निळी जोडी सॉकेटमधून सोडवली, उघडी टोकं बोटांत धरून सरळ करत होतो आणि हातातून सणकन काहीतरी गेलं. तारा सुटल्या. त्याच क्षणी हॉलमधला इंटरकॉम वाजायला लागला. खाली वॉचमनला कुरियरवाल्याला वर सोडू का विचारायचं होतं.

काका हसत सुटले. "बघा, रिंग आधी तुम्हाला आली!"

इंटरकॉम गप्प असताना त्या जोडीवर थोडेसे डीसी व्होल्ट असतात, कोरड्या बोटाला ते कळतही नाहीत. घंटी जाते तेव्हा मात्र साठ ते नव्वद व्होल्ट एसी येतात. जीव जात नाही, पण शिवी येते. काकांच्या देखत मी ती गिळली.

सोपा उपाय म्हणजे समांतर इंटरकॉम काढून टाकायचा. काका तयार नव्हते. दुपारी ते त्याच खोलीत दिवाणावर पडतात, गुडघ्यांमुळे हॉलपर्यंत उठून जाणं होत नाही. झिरी मारता येत नाही आणि नेटवर्कच्या केबलच्या पाइपात दुसरी वायर शिरत नव्हती, स्प्रिंग घालून बघितली. मग काकांनीच विचारलं, "टीव्हीचा पॉइंट आहे ना इथे? त्याची केबल कुठे जाते?" जात होती पेटीतच. या खोलीत टीव्ही लावायचाच नव्हता. त्या जाड केबलच्या टोकाला टेलिफोनची जोडी टेपने घट्ट, निमुळती बांधली, वर टाल्कम पावडर फासली. काका खोलीतून वायर सोडत बसले आणि मी पेटीकडून ओढत गेलो. एका वळणावर अडलं. "मागे घ्या, झटका देऊ नका," असं आतून ओरडून त्यांनी दोनदा मागे-पुढे केलं आणि निघालं. मंडळात अख्खी हयात केबल ओढण्यात गेलेल्या माणसाला मी काय शिकवणार.

मग दोन्ही टोकांना आठही तारा रंगाच्या क्रमाने नव्याने दाबल्या. टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागले. आयपर्फ चालवलं, ९४१. काकांनी प्रत्येक खोलीचा आकडा वहीच्या पानावर तारखेसकट लिहिला आणि पान पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं. दारावरच्या कॅमेऱ्याची नोंदणी तेवढी नेटशिवाय होईना, ती फोनच्या हॉटस्पॉटवर उरकली. घरच्या नेटवर्कवर आणल्यावर तो १ जानेवारी १९७० दाखवायला लागला, कारण बरोबर वेळ त्याला नेटवरूनच मिळते. तारीख हाताने घालून दिली.

पुढच्या आठवड्यात फायबर आलं. कंपनीच्या मुलाने डबा लावला, आमच्या राउटरची केबल त्यात खुपसली आणि चहा न घेता गेला. ताईंच्या टेबलावर २९० च्या वर मिळत होते.

काही दिवसांनी त्यांच्या मीटिंग मधेच तुटायला लागल्या. कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं होतं, तुमचं घरातलं वायरिंग तपासून घ्या. काकांनी फोन मागून घेतला आणि झाकणावरचा कागद खोलीवार, तारखेसकट वाचून दाखवला. पलीकडच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि माणूस पाठवला. त्याने फायबरला मीटर लावला तर प्रकाश उणे २९ डीबीएम. उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी, आणि अशा डब्याला साधारण उणे २७ पर्यंतच चालतं. शाफ्टमधल्या जोडपेटीत फायबर कुणीतरी दाबून दुमडलं होतं. ते सरळ केलं आणि प्रश्न मिटला.

त्या टॉवरचं वायरिंग एकाच ठेकेदाराने केलंय आणि काका लिफ्टमध्ये भेटेल त्याला मागच्या खोलीच्या प्लेटबद्दल विचारतात. तिथून मला अजून फोन येतात. बहुतेक ठिकाणी निळी जोडी तशीच इंटरकॉमला गेलेली असते. प्लेट उघडायच्या आधी मी आता हॉलमधल्या इंटरकॉमचा रिसीव्हर बाजूला काढून ठेवायला सांगतो.