पलव

आमच्या उल्हासनगरच्या बरॅकीत मधली भिंत छपरापर्यंत पोचतच नव्हती. त्यामुळे शेजारच्या अम्मांचं गाणं थेट आमच्या स्वयंपाकघरात यायचं. अम्मा सिंधमधल्या शिकारपूरच्या. पहाटे कणीक मळताना गायच्या, 'नाले अलख जे बेडो तार मुंहिंजो'. अलखाच्या नावानं माझी नाव पैलतीरी ने. आईला सिंधी येत नसे, पण पोळ्या लाटताना तिच्याही ओठांवर तीच चाल असायची.

सिंधी घरात हे गाणं निघालं की ते गाणाऱ्या संत-गायक भगत कंवररामांचं नाव निघतंच. अम्मांच्या देव्हाऱ्यात सिंध्यांचं दैवत झुलेलाल, त्याच्याशेजारी त्यांची तसबीर होती.

१८८५चा जन्म, सिंधमधलं जरवार गाव. वडील ताराचंद यांचं छोटंसं दुकान. लहानगा कंवर उकडलेले हरभरे विकायचा. सिंधीत त्यांना कोहर म्हणतात. गात गात विकायचा. रहडकीच्या संत सतरामदासांच्या कानी तो आवाज पडला आणि त्यांनी मुलाला शिष्य करून घेतलं.

'भगत' हे गाणाऱ्याचंही नाव आणि त्या खेळाचंही. आपल्या कीर्तनासारखं गाणं, मग कथा, पुन्हा गाणं. पण पायात घुंगरू, अंगात पायघोळ जामा, डोक्याला पगडी, आणि रात्रभर मैदानात फिरत नाचणं. साथीदार ओळीचा शेवट उचलून धरतात. शाह लतीफ, सचल, सामी, सिंधीतले हे सगळे थोर कवी एकाच रात्रीत भेटतात. ऐकायला हिंदू-मुसलमान मांडीला मांडी लावून.

अम्मा पाच-सहा वर्षांच्या असताना वडिलांच्या खांद्यावर बसून गेल्या होत्या. गाण्यापेक्षा त्यांना आठवायचा तो पसरलेला पदर. गाता गाता भगत लोकांपुढे पदर पसरायचे, त्यात नाणी पडायची, आणि उजाडायच्या आत ती आंधळ्या-पांगळ्यांत, विधवांत वाटून संपायची. "घरी काय न्यायचे मग?" मी विचारायचे. "बाळा, घुंगरू," अम्मा म्हणायच्या.

एका आईनं मेलेलं बाळ शालीत गुंडाळून त्यांच्या ओटीत ठेवलं, लोली गायला सांगितली, आणि अंगाई ऐकून बाळ रडलं, हीसुद्धा अम्मांचीच गोष्ट. मला आता त्या आईचाच विचार येतो. सगळे दरवाजे बंद झाल्यावर ती एका गाणाऱ्याकडे गेली. केवढा विश्वास असेल त्या आवाजावर!

१ नोव्हेंबर १९३९. सिंधमधल्या सक्खर शहरात मंजिलगाह ही जुनी वास्तू मशीद आहे की नाही, या हिंदू-मुसलमान वादानं वातावरण तापलेलं होतं. रुक स्टेशनवर गाडीत बसलेल्या भगतांना गोळ्या घातल्या. वय चौपन्न. मारेकरी आधी दुआ मागायला आले होते आणि भगतांनी त्यांच्या हातावर प्रसादाची द्राक्षं ठेवली होती, असं अम्मा सांगायच्या. इथवर आल्या की त्या उठून चुलीकडे जायच्या. त्या वर्षी त्यांच्या घरी दिवाळीचा दिवा लागला नाही.

आठ वर्षांनी, फाळणीत, ते घरही सुटलं. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बरॅकी मिळाल्या, आणि त्यातल्या एकीत आम्ही शेजारी झालो.

२०१०मध्ये भारतीय टपाल खात्यानं कंवररामांचं तिकीट काढलं. तोवर अम्मा नव्हत्या. त्यांच्या सुनेनं ते तसबिरीच्या चौकटीत खोचून ठेवलंय.

चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, आरतीनंतर 'पलव' असतो. सगळे उभे राहून झुलेलालपुढे पदर पसरतात आणि मागणं मागतात. अम्मा ओढणी पसरायच्या. शेजारी माझी आई नऊवारीचा पदर धरून उभी राहायची. काय मागायचं असतं, हे तिला कुणी कधी शिकवलं नव्हतं.