आमची वाटचाल : बाल्सापासून जहाजापर्यंत

पुण्यात, सदाशिव पेठेत, मी आणि माझ्या पत्नीने दुकान सुरू केलं तेव्हा जहाजांची मॉडेलं विकायची असं काही ठरलं नव्हतं. इंजिनिअरिंगच्या मुलांना विमानाच्या मॉडेलसाठी बाल्सा या अगदी हलक्या लाकडाची फळी, प्रॉपेलर, सर्वो मोटर लागायची. त्यावरच सुरुवातीची वर्षं भाडं निघालं. लाकडी जहाजाचं पहिलं किट, म्हणजे सुटे भाग जोडून घरी बांधायचं मॉडेल, मागवलं ते मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेल्या एका काकांसाठी. त्यांनी ते पूर्ण करून आमच्या काचेच्या कपाटात आणून ठेवलं, आणि रस्त्यावरून जाणारे थांबून बघू लागले.

मग भेट म्हणून किट घ्यायला लोक येऊ लागले. आमचं खरं शिक्षण तिथे झालं, तेही माझ्या चुकीतून.

एक ताई वडिलांच्या निवृत्तीसाठी आल्या. "सगळ्यात भारी द्या," म्हणाल्या. मी १:९८ प्रमाणातली 'व्हिक्टरी' काढून दिली. १७६५ साली चॅथमला पाण्यात उतरलेली, १८०५ च्या ट्राफलगरच्या लढाईतली नेल्सनची युद्धनौका, १०४ तोफांची. तयार झालं की मॉडेल जवळजवळ मीटरभर लांब. एवढी मोठी विक्री झाली म्हणून त्या दिवशी मी खूश होतो.

दीड वर्षाने वडील स्वतः ते खोकं घेऊन आले. सांगाड्याच्या फ्रेम तिरक्या बसल्या होत्या, नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, फळ्या पिळवटलेल्या. "मुलीला सांगू नका," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं. हौशी माणसाच्या हातून त्याची हौस मी काढून घेतली होती. खोकं ठेवून घेतलं, पैसे परत केले.

तेव्हापासून जहाज कोणतं हवं, हे आम्ही आधी विचारत नाही. ज्यांना द्यायचं त्यांनी यापूर्वी काय पूर्ण केलंय? अर्धवट काम महिनाभर न हलवता ठेवता येईल असं टेबल घरात आहे का? चश्मा लावून सुईत दोरा ओवतात का? लोकांना हे प्रश्न विचित्र वाटतात, पण उत्तरं मिळाली की अर्धी निवड झालेली असते.

सगळा जीव फळ्या बसवण्यात असतो. जहाजाचा फुगीर मध्य आणि निमुळतं टोक यांचा घेर सारखा नसतो, म्हणून प्रत्येक फळी टोकाकडे तासून अरुंद करावी लागते, मग भिजवून वाकवायची. हे न करता फळी दाबून बसवली की ती पिळते. म्हणून पहिलं मोठं जहाज घेणाऱ्याला मी दुहेरी फळ्यांचं, म्हणजे फळ्यांचे दोन थर असलेलं, किट देतो. आतल्या थरातल्या चुका पुट्टी आणि पॉलिशपेपरने झाकल्या जातात, वरून अक्रोडाचा पातळ थर येतो. एकेरी फळ्यांचं किट कसलीही चूक झाकत नाही. पावसाळ्यात आणखी एक सांगतो: इन्स्टंट गोंद दमट हवेत पांढरा धूर सोडून लाकडावर डाग पाडतो, तेव्हा पांढरा लाकडी गोंद वापरा आणि धीर धरा.

अगदी नवख्यासाठी आमची निवड ठरलेली आहे: १:२४ प्रमाणातली ग्रँड बँक्सची डोरी. कॅनडाजवळच्या ग्रँड बँक्सच्या उथळ समुद्रातली, कॉड मासेमारीची ही सपाट बुडाची होडी. स्कूनर नावाच्या मोठ्या शिडाच्या जहाजाच्या डेकवर एकात एक रचून नेत असत. तोफा नाहीत, दोरखंडाचं जाळं नाही, आणि पूर्ण होते. सोबत चांगला चिमटा आणि पिन व्हाइस (बारीक भोकं पाडायचं हाताचं ड्रिल) द्या.

२०२० साली खेळण्यांवरची आयात जकात २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. किटच्या किमती वाढल्या, गिऱ्हाईक घटलं. त्या काळात बाल्सानेच दुकान तगवलं.

बरेच जण 'आपलं' जहाज मागतात. त्यांना मी 'ट्रिंकोमाली'बद्दल सांगतो: जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली, १८१७ साली पाण्यात उतरलेली, आज इंग्लंडच्या हार्टलपूलला तरंगत असलेली. तिचा फोटो गल्ल्यामागे लावला आहे.

त्या वडिलांना मी त्या दिवशी डोरी दिली होती. ती अडीच महिन्यांत झाली. मग दोन डोलकाठ्यांची स्कूनर 'ब्लूनोज', तिला दीड वर्ष लागलं. 'व्हिक्टरी'चं खोकं अजून माळ्यावर आहे. गेल्या महिन्यात ते विचारून गेले, तोफा सगळ्या आहेत का. आम्ही दोघांनी बसून मोजल्या. आहेत.