घरचंच का ठेवलं?

"वहिनी, आता एवढी पोरं येतात, मग एखाद्या इव्हेंटवाल्याकडे का देत नाही? अजून सगळं घरचंच का?" धुळ्यातल्या आमच्या हिपहॉप मेळाव्याबद्दल दरवर्षी कुणी ना कुणी हे विचारतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

भाऊबीज झाली की तीन दिवस हा मेळावा असतो. शाळांना सुट्टी असते, मामाकडे आलेल्या मुली अजून गावातच असतात आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत मुहूर्त नसल्यामुळे मंगल कार्यालय परवडेल अशा भाड्यात मिळतं. मी आणि नवरा वर्षभर क्लास घेतो. मेळाव्याला मुंबई-पुण्याहून ब्रेकिंग, पॉपिंग, लॉकिंग असे हिपहॉपमधले नाचाचे प्रकार शिकवणारे येतात. स्पर्धा नाही, बक्षीस नाही, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा फक्त शिकायचं. शिकवणारे आमच्याच घरी उतरतात. रात्री गच्चीवर भरीत आणि कळण्याची भाकरी.

नवऱ्याचा पहिला क्लास म्हणजे वरात. आमच्याकडे बँड लागला की नवरदेवाच्या घोड्यापुढे तासन् तास नाचतात. पायात चप्पल, खाली खडी, आणि सगळा ताल गुडघ्यात. पुढे तो हिपहॉप शिकायला मुंबईत गेला तेव्हा बाकीचे अंग ताठ ठेवून स्टेप पाठ करत होते आणि याच्या गुडघ्यात तो बाउन्स आधीच होता. खान्देशातल्या पोरांना तो शिकवावा लागत नाही. उरलेलं सगळं शिकवावं लागतं, आणि त्यासाठी जाणता माणूस समोर उभा लागतो. पॉपिंगमध्ये ठेक्यावर स्नायू आवळून लगेच सोडायचा असतो. व्हिडिओ बघून पोरं नुसता हात झटकतात. शिकवणाऱ्यानं दंडावर बोट ठेवून "इथून" म्हटलं की दहा मिनिटांत कळतं. आम्ही मेळावा सुरू केला तो एवढ्यासाठी.

पहिल्या वर्षी तेवीस जण आले. त्यात मुली तीन, पैकी एक आमची. मुलगे वाढत गेले, मुली वाढेनात. मग एका वर्षी सासूबाई म्हणाल्या, दारात मी बसते. टेबल, शंभर पानी वही आणि त्या. आलेल्या प्रत्येक मुलीला विचारायच्या, "कोनी पोर शे वं तू? लेवाले कोन येई?" गाव, वडिलांचं नाव, न्यायला कोण येणार, सगळं वहीत. संध्याकाळी नाव पुकारून, माणूस ओळखून मगच मुलगी सोडायच्या. साक्री, शिरपूर, दोंडाईच्याच्या आया बाहेर बाकावर बसून हे बघत होत्या. पुढच्या वर्षी त्या आपल्या मुलींबरोबर भाच्या, पुतण्याही घेऊन आल्या. चार वर्षांत मुली चाळीसवर गेल्या.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. एका वर्षी आम्ही खरंच एका इव्हेंट कंपनीकडे दिलं होतं. दोघंही थकलो होतो, कर्जही झालं होतं. हॉल मोठा, दिवे झगझगीत, नोंदणी मोबाइलवर. त्यांनी स्पर्धा घातली. पोरं दिवसभर रांगेत उभी राहिली, दीड मिनिट नाचली आणि निघून गेली. दारात गळ्यात कार्ड घातलेली अनोळखी मुलं होती. रात्रीचे साडेदहा वाजले तरी निकाल नव्हता. एक बाप गेटवर मला म्हणाला, "ताई, आजी कुठे आहेत?" त्या वर्षी मुली आल्या अकरा. परवानगी मागायला गावोगाव फिरून आम्ही जे मिळवलं होतं ते एका दिवसात गेलं, आणि ते परत यायला दोन वर्षं लागली. त्याचं मला अजून वाईट वाटतं. सही माझी होती.

म्हणून घरचंच. पैसे वाचतात म्हणून नाही, खरं तर फारसे वाचतही नाहीत. घरातली बाई दारात बसली आहे म्हटल्यावर घरातली पोर बाहेर पडते.

आणि यात हिपहॉपला परकं असं काही नाही. मेळाव्याच्या पहिल्या सकाळी नाच सुरू होण्याआधी मी मुलांना, जिथून हिपहॉप सुरू झालं असं मानतात, त्या पार्टीची गोष्ट सांगते. 11 ऑगस्ट 1973, न्यूयॉर्कमधलं ब्रॉन्क्स, 1520 सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीची खालची खोली. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिनं पार्टी ठेवली. मुलींना 25 सेंट, मुलांना 50. गाणी लावली तिच्या भावानं, डीजे कूल हर्कनं. लोक सगळ्यात जास्त नाचतात ते गाण्यात नुसता ताल उरतो त्या तुकड्यावर, हे त्यानं हेरलं होतं. तो तुकडा, म्हणजे ब्रेक, तो लांबवायला लागला आणि त्यावर नाचणारे बी-बॉय, बी-गर्ल झाले. 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग आलं आणि जपानच्या आमीनं मुलींमधलं सुवर्ण घेतलं, तेव्हा काही वडील पेपरातलं कात्रण घेऊन आमच्याकडे आले. मला त्याचा आनंद झालाच. पण मुलींना मी सिंडीचंच नाव आधी सांगते. हिशेब तिचा होता, पार्टी तिची होती.

नवरा-बायको म्हणून आमचं पटतं का, हेही विचारलंत. मेळाव्याच्या आधी आठवडाभर फार भांडतो. त्याला तीनही दिवस ब्रेकिंग हवं असतं, मला शिकवणाऱ्यांमध्ये निदान एक बाई हवी असते. गेली काही वर्षं दोन्ही होतंय.

सासूबाईंना आता वहीतलं दिसत नाही. त्या विचारतात, आमची मुलगी शेजारी बसून लिहिते. गेल्या खेपेला शेवटच्या दिवशी सव्वासात वाजले तरी शहाद्याची एक मुलगी राहिली होती, तिच्या वडिलांची गाडी पंक्चर झाली होती. साउंडवाला वायरी गुंडाळत होता, शिकवणाऱ्यांची रात्रीची बस होती. सासूबाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. ती मुलगी त्यांच्यासमोर फरशीवर दिवसभरात शिकलेलं पुन्हा पुन्हा करून बघत होती.