नुसता बघत उभा राहणारा तो
आज मित्राच्या मुलाने आणि त्याच्या कॉलेजच्या दोस्तांनी केलेली भुताची शॉर्ट फिल्म पाहिली. अजून डोक्यातून जात नाहीये. रस्त्यावर अपघात, भोवती गर्दी, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. जखमी माणूस तिथेच मरतो. मग तो त्या गर्दीतल्या एकेकाच्या घरी येऊ लागतो. ना किंकाळी, ना रक्त. नुसता उभा राहून बघतो, ते बघत होते तसाच. सरसरून काटा आला.

१९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लताने या मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये एक प्रयोग केला होता. शेजारच्या खोलीत कुणाला तरी फिट आल्याचं ऐकवायचं. आपण एकटेच ऐकतोय असं वाटलेल्यांपैकी ८५ टक्के लोक फिट थांबण्याआधीच मदतीला उठले. आणखी चौघं ऐकतायत असं वाटलं, तेव्हा ३१ टक्केच. ही काही दुष्ट माणसं नव्हती. फिल्ममध्येही कुणी खलनायक नाही, आणि मला तेच सगळ्यात भयानक वाटलं.

आपल्याकडे त्यात पोलिसांच्या लफड्याची भीती. खरं तर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं, मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं. नाव सांगायची सक्तीसुद्धा नाही.

पोरांनो, शेवटी हे आणि १०८ नंबर टाका. आमच्या सोसायटीच्या गणपतीत पडदा मी लावतो.