शुजा नोंदवही : सिंगापूर 2016 चा हिशेब अखेर जुळला

मागच्या नोंदीत अडलेला आकडा काल रात्री सुटला. 17 एप्रिल 2016 रोजी बेंजामिन आयिंबा यांच्या मार्गदर्शनाखाली केनियाच्या रग्बी सेव्हन्स (प्रत्येकी सात खेळाडूंची रग्बी) संघाने, म्हणजेच शुजाने, सिंगापूरच्या अंतिम सामन्यात फिजीला 30-7 असे हरवले आणि सेव्हन्सच्या जागतिक मालिकेतले आपले पहिले विजेतेपद मिळवले. माझ्या वहीत मात्र केनियाचे गुण 27 च्या पुढे सरकतच नव्हते. पाच ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवणे, प्रत्येकी 5 गुण) आणि एक कन्व्हर्जन (ट्रायनंतर गोलखांबांमधून मारायची किक, 2 गुण) एवढीच नोंद होती. सेव्हन्समध्ये पेनल्टीवर तीन गुणांसाठी गोलाकडे किक मारणारा संघ क्वचितच दिसतो. तरीही उरलेल्या तीन गुणांशी तो हिशेब इतका चपखल बसत होता की तीन आठवडे मी त्या किकच्याच शोधात राहिलो.

चूक होती ती कन्व्हर्जनच्या खुणेत. माझे रेकॉर्डिंग टीव्हीसमोर मोबाइल धरून केलेले असल्याने गुणफलकाचा कोपरा वाचता येत नाही, आणि ती खूण मी प्रेक्षकांच्या जल्लोषावरून केली होती. काल तोच तुकडा एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला, तेव्हा कन्व्हर्जनची ड्रॉप किक खांबाजवळून जाते आणि खांबांमागे उभ्या असलेल्या दोन्ही पंचांचे झेंडे खालीच राहतात, हे स्वच्छ दिसले. खूण खोडल्यावर 25 उरले, म्हणजे तूट तीनची नसून पाचची होती.

मग वीज गेल्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये पडलेल्या खंडाकडे लक्ष गेले. खंडापूर्वी खेळ सुरू करणारी किक फिजीची आहे, खंडानंतर तशीच किक केनिया मारतो. ज्याने गुण मिळवले त्यानेच किक मारून खेळ पुन्हा सुरू करायचा, या आपल्या खेळाच्या नियमामुळे सहावा ट्राय त्या खंडातच झाला हे सिद्ध झाले. सहा ट्राय, शून्य कन्व्हर्जन, बरोबर 30. तयार आकडेवारी न पाहता इथवर पोहोचल्याचा आनंद फार मोठा आहे. त्या ट्रायपुढे खेळाडूचे नाव मात्र मोकळेच ठेवले आहे. केनियाचा खेळाडू कॉलिन्स इंजेरा याच्या मालिकेतील 279 ट्रायांच्या पानावर अंदाजाने एकही रेघ ओढायची नाही.

साधनांबाबत एवढेच सांगतो की फ्रेम पुढे-मागे दोन्हीकडे सरकवता येणारा प्लेअरच घ्यावा. संगणकावरील तक्त्यापेक्षा आलेख वही मला अजूनही सरस वाटते, कारण किक कुठे पडली ते चौकटीत बिंदू देऊन लगेच टिपता येते.

पुढचा क्रम 2018 च्या व्हँकुव्हर अंतिम सामन्याचा ठरला होता, पण हे लिहितानाच तो बदलावासा वाटतो. त्याच वर्षी हाँगकाँगच्या अंतिम सामन्यात फिजीने केनियाला 24-12 असे हरवले. पेनल्टी गोल नसेल तर 24 म्हणजे चार ट्राय आणि 12 म्हणजे दोनच. म्हणजे सिंगापूरमध्ये बहुतेक किक मारणारा केनिया तिथे बहुतेक किक झेलत होता. तेव्हा आपणच मारलेली किक परत मिळवण्याचे आणि समोरून आलेली किक झेलण्याचे प्रमाण एकाच रकान्यात मिसळणे चूक आहे, आणि माझ्या आधीच्या सर्व नोंदींत ते मिसळलेले आहे. आता रकाने दोन करून सिंगापूरचे बिंदू नव्याने मांडतो आणि त्यानंतर हाँगकाँगचा पहिला अर्ध लावतो.