बाल्सामिक ग्लेझ: आटवायचं, पण जरा आधीच थांबायचं

बाल्सामिक व्हिनेगरची बाटली आमच्या अमळनेरच्या घरात आली ती भाऊजींमुळे. पुण्याहून येताना ते सॅलडसाठी घेऊन आले होते. पण आमच्याकडे जेवणात तोंडी लावायला हाताने फोडलेला कांदा, नाहीतर दाण्याचा कूट घातलेली काकडीची कोशिंबीर. त्यात ही काळसर आंबट धार कुणालाच रुचेना. बाटली फ्रिजच्या दारात पडून राहिली. टाकून द्यायचं जिवावर आलं, म्हणून आटवून ग्लेझ, म्हणजे वरून थेंबाथेंबाने घालायचा दाट आंबटगोड पाक, करायचं ठरवलं. आता बाटली संपत आली की मी दुसरी मागवून ठेवते.

आधी लेबल नीट वाचलं, आणि ते वाचलं हे फार बरं झालं. बाल्सामिक मूळचं इटलीतल्या मोदेना आणि रेज्जो एमिलिया भागातलं. तिथलं पारंपरिक बाल्सामिक म्हणजे द्राक्षांचा रस शिजवून लाकडी पिंपांत निदान 12 वर्षं मुरवलेला. ते 100 मिलीच्या इवल्याशा बाटलीत मिळतं आणि अतिशय महाग असतं. ते मुळातच दाट असतं, त्यामुळे गॅसवर चढवणं म्हणजे पैशांची नासाडी. आमची बाटली साधी होती: वाइन व्हिनेगर आणि द्राक्षाचा रस एकत्र करून निदान 60 दिवस लाकडात ठेवलेलं, निळ्या-पिवळ्या आयजीपी शिक्क्याचं, म्हणजे युरोपातल्या भौगोलिक मानांकनाचं. आटवायला हेच योग्य. घटकांच्या यादीत आधी काय लिहिलंय तेही बघावं. द्राक्षाचा रस म्हणजे ग्रेप मस्ट पहिला असेल तर गोडवा जास्त आणि दाटपणा लवकर येतो. वाइन व्हिनेगर पहिलं असेल तर आंबटपणा चढा. आमच्यात वाइन व्हिनेगर पहिलं होतं, म्हणून 250 मिलीला दोन चमचे साखर घातली. गूळ मुद्दाम घातला नाही. गुळाने रंग छान येतो, पण मग वास काकवीचाच येतो आणि द्राक्षाची चव मागे पडते.

भांड्याच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. आंबट पदार्थ पितळेत कळकतो हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. तोच नियम इथे, उलट जास्तच कडक, कारण या व्हिनेगरची आम्लता किमान 6 टक्के असते. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, लोखंडी कढई तर नकोच. जाड बुडाचं स्टीलचं लहान पातेलं घ्यावं. रुंद भांड्यात आटतं लवकर, पण शेवटी बुडाशी पातळ थर उरतो आणि तो बघता बघता करपतो.

पातेलं गॅसवर ठेवलं, साखर विरघळेपर्यंत हलवलं आणि कडेला बुडबुडे दिसताच आच मंद केली. स्वयंपाकघराची खिडकी आधीच उघडून ठेवली होती, तरी वाफ नाकात गेलीच. शेजारच्या काकूंनी ओट्यावरून हाक मारली, "काय शिजी ऱ्हायनं व माय?" पातेल्यावर वाकून वास घ्यायचा नाही, डोळे चुरचुरतात. घरात कुणाला दमा असेल तर त्यांना तेवढा वेळ बाहेर बसवावं, हे मी मनापासून सांगते.

वाफेबरोबर सगळा आंबटपणा उडून जातो असा माझा समज होता. तसं होत नाही. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल 118 अंशांना उकळतं, म्हणजे पाण्यापेक्षा उशिरा. थोडं आम्ल वाफेसोबत जातं, पण पाणी त्याहून भराभर जातं. मागे राहतो तो आंबटपणाही आटलेला असतो आणि द्राक्षाची साखरही आटलेली असते. गोडी दाटली की आंबट जिभेला बोचत नाही, एवढंच. म्हणून ग्लेझ धारेने ओतायचं नसतं, थेंबाथेंबानेच वापरायचं.

सुरुवातीची दहाएक मिनिटं फारसं काही घडत नाही, अधूनमधून चमचा फिरवला की झालं. खरं काम शेवटच्या पाच मिनिटांत असतं, तेव्हा फोनही उचलू नये. आधी बुडबुडे मोठे असतात, येतात आणि लगेच फुटतात. मग ते बारीक होतात, चकाकतात, एकमेकांवर चढतात आणि फेस वर येऊ लागतो. सासूबाई बासुंदी आटवण्यात मुरलेल्या. त्यांनी पातेल्यात एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, गरम असतानाच दाट दिसेपर्यंत ठेवू नकोस. निवल्यावर दगड होईल." अगदी बरोबर होतं त्यांचं. चमचा बुडवून उलटा धरला, पाठीवर बोटाने रेघ ओढली, रेघ मिटली नाही. फ्रीजरमध्ये ठेवलेल्या स्टीलच्या ताटलीवर एक थेंब टाकला, ताटली तिरकी केली. थेंब पळाला नाही, सावकाश घसरला. तिथेच गॅस बंद केला. पातेल्यात अजून पातळच वाटत होतं, एकतारी पाकाच्याही अलीकडचं. तासाभराने मात्र मधासारखं झालं. 250 मिलीचं साधारण 90 मिली उरलं. जास्त दाट झालंच तर चमचाभर गरम पाणी घालून मंद आचेवर सारखं करता येतं, पण करपलेल्याला काही इलाज नाही. त्याचा कडवटपणा जात नाही. दुकानातल्या तयार ग्लेझमध्ये दाटपणासाठी बहुधा स्टार्च किंवा गोंद असतो. घरच्यात तो नसतो, म्हणून आटवण्यातच सगळं कसब आहे.

वापरायचं कुठे, हा आमच्या घरातला मोठा प्रश्न होता. भरतावर नाही, हे मी ठामपणे सांगते. काटक्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे यांत कुणाची लुडबूड नको. पण त्याच पांढरट हिरव्या भरताच्या वांग्याचे जाड काप करून, मीठ लावून, तव्यावर तेलात खरपूस भाजले आणि उतरवल्यावर वरून चार थेंब टाकले, तर फारच छान लागतात. भाजलेलं पनीर आणि थंडीतले लालबुंद टोमॅटो यांच्यावरही.

सगळ्यात जमलं ते केळ्यावर. केळी तर आमच्या जिल्ह्याचीच, जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पिकलेलं पण घट्ट केळं उभं चिरायचं, थोड्या तुपावर कापलेली बाजू खाली ठेवून भाजायचं. कडा तांबूस झाल्या की ताटलीत काढून त्यावर ग्लेझची बारीक रेघ. केळ्याचा गोडवा नुसता कधीकधी जड होतो, या आंबटाने तो मोकळा होतो. सासऱ्यांनी दोन फोडी खाऊन तिसरी मागितली, आणि ते गोडाला एरवी नाहीच म्हणतात.

उरलेलं मी कोरड्या काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवते, काही आठवडे सहज टिकतं. थंडीने घट्ट होतं, तेव्हा बाटली कोमट पाण्यात पाच मिनिटं उभी केली की पुन्हा धार लागते. आणि पातेलं? त्यात लगेच गरम पाणी घालून ठेवायचं. वाळलेलं ग्लेझ घासायला तारेची घासणीही पुरत नाही.