कोणी वापरत नसताना फिरणारं मीटर

शेगडी बंद, नळ बंद, तरी गॅस मीटरचे शेवटचे लाल आकडे सरकत होते. अगदी संथ. भाड्याचं घर, त्यामुळे पहिला संशय गळतीचा. दिसेल त्या जोडाला साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा आला नाही. शेवटी खोलीच्या हीटरची खालची पट्टी काढून आत डोकावलो, तर ऐन उन्हाळ्यात बोटाच्या पेराएवढी निळी ज्योत निवांत जळत होती. पायलट! म्हणजे मोठा बर्नर पेटवण्यासाठी कायम जळत ठेवलेली छोटी ज्योत. गरम पाण्याच्या टाकीखाली तिची जुळी बहीण.

रात्री टाकीचा नॉब ‘पायलट’वर आणला, म्हणजे मोठा बर्नर पेटणार नाही, आणि मीटरचा फोटो काढला. आठ तासांनी दुसरा. फरक 230 लिटर. एकेका ज्योतीला तासाला 14 लिटरच्या आसपास, म्हणजे 150 वॉटच्या जवळपास उष्णता, अहोरात्र. महिन्याला एकीचेच दहा घनमीटर.

मालकीणबाईंना फोन केला. “विझवू नका हो! मागच्या भाडेकरूंनी विझवला आणि थंडीत पेटेचना. मलाच माणूस पाठवावा लागला.” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मग ठरलं असं, की हीटरची वार्षिक सर्व्हिसिंग आत्ताच करायची, पायलट टेक्निशियननेच बंद करायचा आणि मला पेटवायला शिकवायचं. हे सगळं मेसेजवर लिहून घेतलं. भाडेकरूने एवढं करावंच.

तो आला तेव्हा दोन्ही पायलट बंद करून आम्ही मीटरसमोर उभे राहिलो. आकडा ढिम्म. गळतीची शंकाही मिटली.

टाकीचा पायलट मात्र त्याने लगेच पुन्हा पेटवला. मला तोही रोज विझवायचा उत्साह होता. तो म्हणाला, “टाकीच्या ज्योतीची थोडी ऊब पाण्यालाच मिळते. रोजची उठाठेव कशाला? लांब सुट्टीवर जाल तेव्हा बंद करा.” पटलं.

हीटर पेटवताना माझी फजिती झाली. नॉब ‘बंद’वर, पाच मिनिटं थांबायचं, जमिनीलगतही वास घ्यायचा. वास आला तर काडी-स्विच कशालाही हात न लावता बाहेर पडून तिथून फोन. नसला तर नॉब ‘पायलट’वर दाबून ठिणगी. ज्योत आली, मी खूश होऊन नॉब सोडला, विझली. पुन्हा पाच मिनिटं. पुन्हा तेच. तो हसत होता. तांब्याची बारीक नळी असते, तिच्या टोकाला थर्मोकपल, ते ज्योतीत. ते तापलं की जेमतेम 25-30 मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्यावर एक चुंबक गॅसची झडप उघडी धरतो. तापायच्या आत बोट काढलं तर झडप मिटणारच. ज्योत वाऱ्याने विझली तरी हीच झडप गॅस रोखते, म्हणून तिच्याशी हुज्जत घालायची नाही. तिसऱ्यांदा मनात साठपर्यंत मोजलं. बोट दुखलं, पण ज्योत टिकली. धडा झाल्यावर त्याने ती पुन्हा बंद केली.

पहिल्या थंडीत एकट्याने पेटवला तेव्हा ज्योत पिवळट आणि लुळी होती, थर्मोकपलपर्यंत पोचतच नव्हती. बंद काळात पायलटच्या छिद्रात धूळ आणि कोळ्याचं जाळं बसलं होतं. तिथे मी हात घातला नाही, त्यालाच बोलावलं. मालकीणबाईंचा फोन आला: “बघा, सांगितलं होतं ना?” मी मीटरचे दोन फोटो पाठवले. थोड्या वेळाने उत्तर आलं: नवा हीटर घेऊ तेव्हा पायलटवाला नको, विजेच्या ठिणगीवरचाच घेऊ.